आरोग्यसेवेतल्या एआय चॅटबॉटवर संशोधन करताय? नैतिकतेबद्दल विद्यार्थी वारंवार विचारतात ते प्रश्न

मी एका वैद्यकीय महाविद्यालयात पीएसएम (प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र) शिकवते आणि माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या तिथल्या एथिक्स कमिटीची सदस्य आहे. एसटीएसचे, म्हणजे विद्यार्थ्यांच्या अल्पमुदतीच्या संशोधन योजनेचे, प्रस्ताव भरायचे दिवस आले की फोनवर प्रश्नांची रांग लागते. हल्ली त्यातले बरेच प्रश्न चॅटबॉटबद्दल असतात. ते एमबीबीएसच्या मुलांकडून येतात, तसेच नर्सिंग, फार्मसी, इंजिनिअरिंग आणि समाजकार्याच्या विद्यार्थ्यांकडूनही येतात. त्याच त्या प्रश्नांची उत्तरं इथे एका जागी ठेवते आहे. सुरुवातीला सोपे प्रश्न आहेत, पुढे अडचणीचे. एक गोष्ट सगळ्या उत्तरांत येत राहील, ती आधीच सांगते. अभ्यास तुम्ही चॅटबॉटचा करत असलात तरी त्याच्यापुढे आपलं दुखणं मांडणारा एक माणूस असतो. परवानगी, संमती, गोपनीयता हे सगळं त्या माणसासाठी आहे.

१. ‘एआय चॅटबॉटची नैतिकता’ हा विषय गाइडनी मान्य केला. पण यात मोजायचं काय?

एवढा मोठा विषय दोन महिन्यांच्या एसटीएसमध्ये मावत नाही. आधी तो बारीक करा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, २०२३ मध्ये वैद्यकीय संशोधन आणि आरोग्यसेवेतल्या एआयसाठी स्वतंत्र नैतिक मार्गदर्शिका काढली. तिच्यात दहा तत्त्वं आहेत. स्वायत्तता, सुरक्षितता, गोपनीयता, उत्तरदायित्व, भेदभाव न करणं ही त्यातली काही. यातलं एक उचला आणि साध्या प्रश्नात बसवा. सुरक्षितता घेतलीत तर असं विचारता येईल: इन्सुलिन घेणाऱ्या बाईंनी ‘उद्या एकादशी आहे, इंजेक्शन घेऊ की नको?’ असं लिहिलं तर चॅटबॉट काय सांगतो? स्वायत्तता घेतलीत तर असं: आपण यंत्राशी बोलतोय हे वापरणाऱ्याला कळतं का, आणि कळल्यावर त्याचं बोलणं बदलतं का?

हा दुसरा प्रश्न साठ वर्षांपूर्वीचा आहे. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातले संगणकशास्त्रज्ञ जोसेफ वायझेनबाम यांनी १९६६ मध्ये ‘एलायझा’ नावाचा प्रोग्राम प्रसिद्ध केला. समोरच्याचंच वाक्य उलटवून त्याला प्रश्न विचारायचा, एवढंच तो करत असे. तो कसा बनला हे जवळून पाहिलेल्या त्यांच्या सेक्रेटरीनेच, त्याच्याशी थोडं बोलणं झाल्यावर, ‘तुम्ही जरा खोलीबाहेर जाता का?’ असं वायझेनबाम यांना विचारलं. ही आठवण त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. यंत्रापुढे माणूस किती पटकन मन मोकळं करतो हे तेव्हाच दिसलं होतं.

२. प्रश्न मीच चॅटबॉटला विचारणार आणि उत्तरं डॉक्टरांकडून तपासून घेणार. रुग्ण कुठेच नाही. तरी एथिक्स कमिटीकडे जायचं?

जायचं. अशा अभ्यासाला बहुतेक वेळा आढाव्यातून सूट मिळते, पण ती सूट कमिटी देते. ‘माझा अभ्यास सूट मिळण्यासारखा आहे’ हे संशोधकाने स्वतः ठरवायचं नसतं. सूट मिळाल्याचं पत्र हातात ठेवा, कारण पुढे नियतकालिकं तेच मागतात.

एक बारकावा बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. उत्तरं तपासणारे डॉक्टर नुसते परीक्षक आहेत की त्यांची मतं हाच तुमचा डेटा आहे? ‘अनुभवी डॉक्टर आणि इंटर्न यांच्या गुणांत फरक पडतो का’ हे तुम्ही पाहणार असाल तर ते डॉक्टर सहभागी झाले. मग त्यांची संमती हवी.

३. सूट, जलद आढावा आणि पूर्ण बैठक यांत फरक काय? माझा प्रस्ताव कुठे जाईल?

आयसीएमआरच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेत ही विभागणी जोखमीवर केली आहे. सार्वजनिक असलेली किंवा कुणाचीच ओळख न सांगणारी माहिती वापरणारा अभ्यास सूट मिळण्याच्या गटात येतो. जोखीम अगदी किमान असेल, उदाहरणार्थ प्रौढांना चॅटबॉटबद्दलची मतं विचारणारी साधी प्रश्नावली, तर जलद आढावा पुरतो. रुग्णांना चॅटबॉट प्रत्यक्ष वापरायला देणार असाल, विषय मानसिक आरोग्याचा असेल, किंवा सहभागी दुर्बल गटातले असतील, तर पूर्ण बैठकीची तयारी ठेवा. अर्जात जोखीम कमी दाखवायचा मोह टाळा. ‘काहीच धोका नाही’ असं लिहिलेला अर्ज आला की मी तो जास्त काळजीने वाचते.

४. कमिटीत कोण असतं? त्यांना चॅटबॉटमधलं काही कळतं का?

सात ते पंधरा सदस्य असतात. अध्यक्ष संस्थेबाहेरचे असतात. डॉक्टरांबरोबर कायद्याचे जाणकार, समाजशास्त्रातली व्यक्ती आणि एक सामान्य नागरिकही असावा लागतो. त्यातल्या सगळ्यांना तंत्रज्ञान कळेलच असं नाही, म्हणून प्रस्तावात एक परिच्छेद साध्या मराठीत किंवा साध्या इंग्रजीत लिहा. कोणता चॅटबॉट, तो कुणाचा, लिहिलेला मजकूर कुठे साठतो, तो मजकूर कंपनी पुढच्या प्रशिक्षणाला वापरते का, आणि बोलणं मध्येच भरकटलं तर थांबवणार कोण, एवढं त्यात यायला हवं. आमच्याकडे सर्वांत नेमके प्रश्न सामान्य नागरिक सदस्याकडून येतात. ‘या बाईंना घरी गेल्यावर रात्री काही शंका आली तर त्यांनी कुणाला फोन करायचा?’ हा प्रश्न त्यांचाच. त्यानंतर संपर्क क्रमांक दिल्याशिवाय आम्ही एकही प्रस्ताव पुढे नेला नाही.

५. मी इंजिनिअरिंगला आहे. आमच्या कॉलेजात एथिक्स कमिटीच नाही.

तरीही आरोग्याविषयी माणसांकडून माहिती घेणार असाल तर परवानगी हवी. सरळ मार्ग म्हणजे जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या एखाद्या प्राध्यापकांना सहमार्गदर्शक म्हणून जोडून घ्या आणि तिथल्या कमिटीकडे अर्ज करा. त्यासाठी दोन्ही संस्थांमध्ये सामंजस्य करार लागतो आणि त्याला वेळ जातो. शेवटच्या सेमिस्टरमध्ये धावपळ करण्यापेक्षा विषय ठरला त्याच आठवड्यात सुरुवात करा. नव्या औषधांच्या आणि क्लिनिकल ट्रायलच्या २०१९ च्या नियमांनुसार आरोग्य संशोधन तपासणाऱ्या कमिटीची नोंदणी केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाकडे झालेली असावी लागते. ज्या कमिटीकडे जाणार आहात तिची नोंदणी चालू आहे ना, हे आधी विचारून घ्या.

६. माहिती गोळा झाली आहे. आता मागाहून परवानगी मिळेल का?

नाही. कमिटी मागच्या तारखेची मंजुरी देत नाही. गूगल फॉर्मवर आलेले तीनशे प्रतिसाद बाजूला ठेवायचे म्हटलं की मुलांचे चेहरे पडतात आणि मलाही वाईट वाटतं. पण ज्यांनी ते फॉर्म भरले त्यांना आपण संशोधनात आहोत हे कुणी सांगितलं नव्हतं. प्रामाणिक वाट एकच आहे: तो प्राथमिक अनुभव म्हणून गाइडना सांगा, प्रश्नावली सुधारा, मंजुरी घ्या आणि नव्याने सुरुवात करा.

७. वर्गमित्रांकडूनच फॉर्म भरून घेतले तर सोपं नाही का?

सोपं आहे, आणि अडचण तिथेच आहे. २०१७ च्या मार्गदर्शिकेत विद्यार्थी आणि हाताखालचे कर्मचारी यांचा विचार दुर्बल गटात होतो, कारण त्यांना ‘नाही’ म्हणणं जड जातं. ज्या सरांकडे उद्या व्हायव्हा आहे त्यांच्या प्रकल्पाचा फॉर्म वर्गाच्या ग्रुपवर आला तर कोण नाकारेल? त्यातून प्रश्न असा असतो की ‘तुम्ही स्वतःच्या मानसिक त्रासासाठी चॅटबॉट वापरला आहे का?’ लिंक गाइडनी किंवा सीआरने (वर्गप्रतिनिधीने) पाठवू नये, नाव आणि ईमेल गोळा होऊ नये, कुणी भरला आणि कुणी नाही हे कुणालाच कळू नये. गूगल फॉर्ममधली ईमेल घेण्याची सोय बंद आहे ना, हे पाठवण्याआधी दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर उघडून पाहा.

आशाताई आणि नर्सताईंनाही हेच लागू. ‘साहेबांनी सांगितलंय’ म्हणून त्या बसल्या असतील तर ती संमती नव्हे.

८. अकरावी-बारावीची मुलं चॅटबॉट सर्वांत जास्त वापरतात असं वाटतं. त्यांच्यावर अभ्यास करता येईल का? वसतिगृहाच्या वॉर्डनची सही चालेल का?

अभ्यास करता येईल, पण वॉर्डनची सही चालणार नाही. १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती आणि मुलांची स्वतःची अनुमती, दोन्ही लागतात. आयसीएमआरनुसार सात ते बारा वर्षांच्या मुलांची तोंडी अनुमती आणि त्यापुढच्यांची लेखी. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदाही १८ खालच्या प्रत्येकाला बालकच मानतो.

वॉर्डनच्या सहीचा प्रश्न आपल्या देशाने महाग किमतीत शिकलेला आहे. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत वडोदऱ्याला एचपीव्ही लशीचा, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवणाऱ्या लशीचा, एक प्रकल्प चालला होता. आंध्रात कितीतरी आदिवासी मुलींच्या संमतीपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डननी आणि मुख्याध्यापकांनी सह्या केल्याचं चौकशीत पुढे आलं, आणि २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने त्यावर कडक अहवाल दिला. तुमच्या अभ्यासात सुई नाही हे खरं. पण आईबापांना न विचारता त्यांच्या मुलीला ‘मरावंसं वाटतं का’ हा प्रश्न विचारायचा अधिकार वॉर्डनला तेव्हाही नव्हता, आजही नाही.

९. संमतीपत्र मराठीत कसं लिहू? इंग्रजीचं भाषांतर केलं तर ‘यादृच्छिक’, ‘गुप्तताभंग’ असले शब्द येतात.

भाषांतर करू नका. आपल्या मावशीला समजावून सांगताय असं बोला, ते रेकॉर्ड करा आणि तेच उतरवून काढा. ‘हा डॉक्टर नाही, कॉम्प्युटरचा प्रोग्राम आहे. तो चुकू शकतो. तुम्ही लिहाल ते आम्ही वाचणार आहोत. मध्येच नको वाटलं तर थांबा, तुमच्या इलाजात काही फरक पडणार नाही.’ ही चार वाक्यं असल्याशिवाय चॅटबॉटच्या अभ्यासाचं संमतीपत्र पूर्ण होत नाही. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा. अंगठा घ्या आणि अभ्यासाशी संबंध नसलेल्या साक्षीदाराची सही घ्या.

फोनचाही प्रश्न आहे. पुष्कळ घरांत स्मार्टफोन एकच असतो आणि तो नवऱ्याकडे किंवा मुलाकडे असतो. पाळीबद्दल, गर्भनिरोधकाबद्दल किंवा घरातल्या मारहाणीबद्दल बाईने लिहिलेलं बोलणं त्या फोनवर तसंच राहतं आणि संध्याकाळी दुसऱ्याच्या हातात पडतं. कंपनीच्या सर्व्हरवर पक्कं कुलूप असलं तरी घरातल्या या उघड्या खिडकीचं काय? म्हणून अभ्यास तुमच्या फोनवर, बंद खोलीत करा. तिच्या फोनवर करणं भागच असेल तर उठण्याआधी बोलणं कसं पुसायचं ते दाखवा. संमतीपत्रात हा धोका लिहिलेला मी फार थोड्या वेळा पाहिला आहे.

१०. वॉर्डातले केसपेपर नाव काढून चॅटबॉटमध्ये टाकले तर चालेल का? नाव तर नाही ना!

चालणार नाही, निदान कमिटीच्या मंजुरीशिवाय तरी नाही. नाव काढल्याने ओळख पुसली जातेच असं नाही. ‘अमुक तालुका, वय ३४, सर्पदंशानंतर डायलिसिस, दाखल झाल्याची तारीख अमुक’ एवढ्यावरून सगळं गाव माणूस ओळखेल. शिवाय सार्वजनिक चॅटबॉटमध्ये टाकलेला मजकूर रुग्णालयाबाहेर गेलेला असतो. तो परत आणता येत नाही.

२०२३ च्या माहिती संरक्षण कायद्यात संशोधनासाठी सवलत आहे, पण तिला अटी आहेत. त्या माहितीवरून त्या व्यक्तीबद्दल काही निर्णय घ्यायचा नाही आणि ठरवून दिलेले निकष पाळायचे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. मानसिक आजारांच्या नोंदींना २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं वेगळं संरक्षण आहे. माझा सल्ला असा की खरे केसपेपर वापरूच नका. वरिष्ठ डॉक्टरांच्या मदतीने काल्पनिक केस लिहा. अभ्यासासाठी त्या जास्त सोयीच्या पडतात, कारण वय, लिंग किंवा गाव एकेक करून बदलता येतं (प्रश्न १६ पाहा).

११. लोक इंटरनेटवर उघडपणे आजाराबद्दल विचारतात. ते प्रश्न वापरू का?

एप्रिल २०२३ मध्ये ‘जामा इंटर्नल मेडिसिन’मध्ये आलेल्या एका गाजलेल्या अभ्यासाने हेच केलं. रेडिट या उघड्या चर्चास्थळावरचे १९५ प्रश्न घेतले, डॉक्टरांनी तिथे दिलेली उत्तरं आणि चॅटजीपीटीची उत्तरं शेजारी ठेवली, आणि आरोग्यक्षेत्रातल्या परीक्षकांनी ७८.६ टक्के वेळा चॅटबॉटचं उत्तर पसंत केलं. मुलं हा आकडा सिनॉप्सिसच्या पहिल्याच ओळीत टाकतात. तो टाकण्याआधी दोन गोष्टी पाहा. डॉक्टरांची उत्तरं सरासरी ५२ शब्दांची होती, चॅटबॉटची २११. आणि पसंती देणाऱ्यांत प्रश्न विचारणारे रुग्ण नव्हते.

तुमच्यासाठी नियम असा: गट बंद असेल, आत जायला परवानगी लागत असेल, तर तिथलं बोलणं सार्वजनिक नाही. व्हॉट्सॲपवरचा मधुमेहींचा गट किंवा आईपणाचा गट तर मुळीच नाही. उघड्या ठिकाणचा प्रश्न घेतलात तरी शब्दशः छापू नका. तीच ओळ शोधयंत्रात टाकली की लिहिणारा सापडतो. आशय ठेवा, वाक्य बदला.

१२. सहभागींना ‘हे उत्तर चॅटबॉटचं आहे’ असं सांगितलं तर निकाल बदलतो. न सांगता केलं तर?

निकाल बदलतो हे मान्य. म्हणूनच हा मोह मोठा आहे आणि त्यात चांगले लोक अडकले आहेत. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेतल्या ‘कोको’ या मानसिक आधार देणाऱ्या सेवेच्या सहसंस्थापकाने जाहीर केलं की जवळपास चार हजार लोकांना जीपीटी-३ या एआयच्या मदतीने लिहिलेले आधाराचे संदेश गेले होते. त्या संदेशांना गुण चांगले मिळाले, पण मागे यंत्र होतं हे कळल्यावर लोकांना ते पोकळ वाटू लागलं, असं त्यानेच सांगितलं. संमतीवरून मोठं वादळ उठलं. एप्रिल २०२५ मध्ये झुरिक विद्यापीठातल्या संशोधकांचा प्रयोग उघड झाला. रेडिटवरच्या वादचर्चेत त्यांनी एआयने लिहिलेल्या प्रतिक्रिया माणसाच्या म्हणून टाकल्या होत्या. त्यात एक खोटा आघात-समुपदेशकही होता. टीका इतकी झाली की त्यांना निष्कर्ष प्रसिद्ध न करण्याचं ठरवावं लागलं.

काही अभ्यासांत माहिती थोडी मागे ठेवायला कमिटी परवानगी देते. पण मग ती का लागते हे पटवून द्यावं लागतं, त्यातून इजा होणार नाही याची खात्री द्यावी लागते, आणि नंतर प्रत्येकाला खरं सांगून ‘तुमची माहिती काढून टाकू का?’ असं विचारावं लागतं. रुग्ण, दुःखात असलेली माणसं आणि मुलं यांच्यावर हे करायला मी कधीच हो म्हणणार नाही. विद्यार्थ्यासाठी सोपा उपाय आहे: ‘पुढची काही उत्तरं डॉक्टरांची आहेत, काही चॅटबॉटची, कुठलं कुणाचं ते शेवटी सांगू’ असं आधीच सांगा. फसवणूकही नाही आणि तुलनाही होते.

१३. आम्ही स्वतः मराठी चॅटबॉट बनवला आहे. ओपीडीबाहेर क्यूआर कोड लावून रुग्णांना वापरायला दिला तर?

तुमचा उत्साह मला आवडतो, पण कोड उद्या लावू नका. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट म्हटलं आहे की एआयवर चालणाऱ्या प्रणालींनी रुग्णाला सल्ला द्यायचा नाही आणि औषधही लिहून द्यायचं नाही. डॉक्टरला मदत करायला त्या चालतात. निदानासाठी किंवा उपचारासाठी बनवलेलं सॉफ्टवेअर २०२० पासून वैद्यकीय उपकरणांच्या व्याख्येतही येतं. म्हणजे ‘फॉलोअपची तारीख सांगणारा’ आणि ‘तुम्हाला काय झालंय ते सांगणारा’ या दोन बॉटमध्ये कायद्याच्या दृष्टीने मोठी दरी आहे.

रुग्णांच्या एका गटाला बॉट आणि दुसऱ्याला नेहमीचं पत्रक देऊन तुलना करणार असाल तर ती ट्रायल आहे. तिची नोंदणी सीटीआरआयवर, म्हणजे क्लिनिकल ट्रायलच्या राष्ट्रीय नोंदवहीत, पहिला रुग्ण घेण्याआधी व्हायला हवी. एप्रिल २०१८ पासून तिथे मागाहून नोंदणी होत नाही. विद्यार्थ्यांनी पहिली पायरी म्हणून बॉट फक्त डॉक्टर आणि नर्स यांच्या हातात द्यावा, त्यातल्या चुका काढाव्यात आणि मगच रुग्णांचा विचार करावा.

१४. अभ्यास चालू असताना कुणी चॅटबॉटला ‘जगावंसं वाटत नाही’ असं लिहिलं आणि मी ते दोन दिवसांनी वाचलं तर?

हा प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याचे मी आभार मानते, कारण बाकीचे तो विचारत नाहीत. दोन दिवसांनी वाचायची वेळ येणार असेल तर अभ्यासाची रचनाच चुकली आहे. मानसिक आरोग्याच्या अभ्यासात बोलणं चालू असताना प्रशिक्षित माणूस हजर हवा, थांबवायचे निकष आधी लिहिलेले हवेत आणि मानसोपचार विभागाशी आधीच बोलणं झालेलं हवं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालतो आणि तिथे मराठीतून बोलता येतं. तो संमतीपत्रावर आणि पडद्यावर दोन्हीकडे ठेवा. पण नुसता क्रमांक देऊन आपली जबाबदारी संपत नाही. गोपनीयता कुठे मोडावी लागेल, म्हणजे जिवाला धोका दिसला तर आम्ही कुणाला कळवू, हे संमती घेतानाच सांगायचं.

अमेरिकेत खाण्याच्या विकारांवर काम करणाऱ्या ‘नेडा’ या संस्थेने २०२३ मध्ये आपली हेल्पलाइन बंद करायचं ठरवलं आणि ‘टेसा’ नावाचा चॅटबॉट लोकांपुढे ठेवला. ज्या माणसांचा आजारच खाणं तोडण्याचा, त्यांना टेसाने कॅलरी कमी करण्याचे आणि वजन उतरवण्याचे सल्ले दिले. वापरणाऱ्यांनी ते उघड केल्यावर तो काढून घ्यावा लागला. सल्ला सर्वसाधारण माणसासाठी बरोबर आणि समोरच्या माणसासाठी घातक असू शकतो. हे तपासायचं असेल तर खऱ्या रुग्णांवर नको, काल्पनिक संवादांवर तपासा.

१५. मराठीतली उत्तरं तपासायची आहेत. इंग्रजी प्रश्नसंचाचं भाषांतर वापरलं तर चालेल का?

चालेल, पण हाती फारसं काही लागणार नाही. भाषांतरातली मराठी कुणीच बोलत नाही. ‘मला योनिमार्गातून श्वेतस्राव होत आहे’ असं ओपीडीत कोण म्हणतं? बाई म्हणते, ‘अंगावरून पांढरं जातंय.’ ‘डोळे आलेत’, ‘दिवस गेलेत’, ‘ताप अंगावर काढला’, ‘अन्न गोड लागत नाही’, ‘उसण भरली’, ‘भोवळ येते’. यातल्या प्रत्येकाचा शब्दशः अर्थ एक आणि खरा अर्थ दुसरा. ‘अंगावरून जाणं’ आणि ‘अंगावर काढणं’ यांत ज्याला फरक कळत नाही त्याने आरोग्याचा सल्ला देऊ नये, मग तो माणूस असो की यंत्र.

मला सर्वांत काळजी वाटते ती दोन वाक्यांची. ‘जीव घाबरा होतो’ हे छातीत धडधडणाऱ्या, दम लागणाऱ्या, पॅनिकने ग्रासलेल्या आणि हार्ट ॲटॅक येत असलेल्या माणसाच्याही तोंडी असतं. चांगला डॉक्टर पुढचे चार प्रश्न विचारतो. चॅटबॉट विचारतो का, हे तपासा. दुसरं ‘जीव नकोसा झालाय’. हे वैतागून रोज म्हटलं जातं, आणि कधीकधी अगदी खरं असतं. ‘आत्महत्या’ हा शब्द न येता आलेला इशारा चॅटबॉटला ओळखता येतो का? ‘आता सगळ्यांची सोय लावली आहे, कुणाला त्रास नको’ असं एखाद्या आजोबांनी लिहिलं तर? हा अभ्यास मराठी मुलांनीच करायला हवा, कारण बाहेरच्याला हे वाक्य ऐकून काळजाचा ठोका चुकणार नाही.

कामाची पद्धत अशी ठेवा. प्राथमिक आरोग्य केंद्रात आशाताईंबरोबर बसून खरी वाक्यं गोळा करा (संमतीसाठी प्रश्न ७). वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी बोलणाऱ्यांनाही विचारा. तीच वाक्यं देवनागरीत एकदा आणि रोमन लिपीत एकदा लिहून पाहा, कारण फोनवर पुष्कळ लोक मराठी रोमनमध्येच लिहितात. उत्तरं किमान दोन डॉक्टरांनी एकमेकांना न विचारता तपासावीत. आणि चॅटबॉट सत्तर वर्षांच्या आजींना ‘तू’ म्हणतो का, तेही नोंदवा. मानाने न बोलणाऱ्याचा सल्ला आपल्याकडे कुणी ऐकत नाही.

१६. पक्षपात कसा मोजायचा?

एकच केस घ्या आणि त्यातली एकच गोष्ट बदला. छातीत दुखणारा ५० वर्षांचा पुरुष आणि तीच लक्षणं असलेली बाई. पुण्यातला माणूस आणि नंदुरबारमधल्या दुर्गम धडगावचा. आडनाव बदलूनही पाहा. प्रत्येक केस अनेकदा विचारा, कारण एकाच प्रश्नाला चॅटबॉट दर वेळी थोडं वेगळं उत्तर देतो. पक्षपात बहुतेक वेळा उघड नसतो. जास्तीच्या देखभालीची गरज कोणत्या रुग्णांना आहे हे ठरवणाऱ्या अमेरिकेतल्या एका संगणकीय यंत्रणेवर २०१९ मध्ये ‘सायन्स’मध्ये लेख आला होता. तिच्यात वंशाचा उल्लेखच नव्हता. आजाराच्या गंभीरतेऐवजी उपचारावर झालेला खर्च धरला होता, आणि कृष्णवर्णीय रुग्णांवर खर्चच कमी होत आलेला असल्याने ते कमी आजारी ठरत होते. धडगावच्या माणसाला ‘जवळच्या हृदयरोगतज्ज्ञांकडे जा’ असं सांगणाऱ्या उत्तराला पूर्ण गुण द्यायचे का, हे गाइडबरोबर आधी ठरवा.

१७. अभ्यास सुरू असताना चॅटबॉटची आवृत्ती बदलली. आता?

दोन आवृत्त्यांची उत्तरं एकत्र करू नका. आवृत्तीचं नाव, तारीख, वेळ आणि विचारलेला प्रश्न शब्दशः, हे प्रत्येक उत्तरासोबत पहिल्या दिवसापासून नोंदवा. दर प्रश्नाला नवं संभाषण उघडा.

१८. कंपनीने मोफत अकाउंट दिलं आहे. ते घेतलं तर बिघडतं का?

घ्या, पण प्रस्तावात, संमतीपत्रात आणि लेखात लिहा. निकाल छापायचा की नाही हे कंपनी ठरवणार अशी अट असेल तर घेऊ नका. वोबॉट या मानसिक आरोग्याच्या चॅटबॉटची २०१७ मधली ७० जणांवरची ट्रायल सगळे उद्धृत करतात. तिच्या लेखकांत कंपनीच्या संस्थापक होत्या. त्यामुळे निष्कर्ष खोटे ठरत नाहीत. वाचणाऱ्याने ते माहीत असताना वाचावं, एवढंच.

१९. प्रबंध लिहायला एआयची मदत घेतली तर? चॅटबॉटला सहलेखक करू का?

सहलेखक नाही. लेखकाला मजकुराची जबाबदारी घ्यावी लागते आणि यंत्राला ती घेता येत नाही. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीनेही २०२३ पासून हीच भूमिका घेतली आहे. भाषा सुधारायला मदत घेतली असेल तर कुठे आणि कशी, हे लिहा. संदर्भ मात्र एकेक उघडून स्वतः वाचा, कारण चॅटबॉट नसलेले लेखही पूर्ण नावानिशी देतो. सहभागींच्या मुलाखती सारांशासाठी चॅटबॉटमध्ये टाकायच्या असतील तर प्रश्न १० मधलं सगळं इथेही लागू आहे.

२०. मी इंग्लंडमध्ये मास्टर्स करते. साताऱ्याकडच्या आमच्या गावातल्या बायकांवर अभ्यास करायचा आहे. विद्यापीठाची मंजुरी पुरेशी आहे का?

नाही. तिथली मंजुरी हवीच, पण माहिती भारतात गोळा होणार म्हणून इथल्या कमिटीचीही हवी, आणि इथला एक संशोधक जबाबदारी घेणारा हवा. परदेशी संस्थेशी सहकार्य किंवा परदेशी निधी असेल तर आयसीएमआरमार्फत आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीकडे जावं लागतं का, हे इथल्या संशोधकाकडून आधीच पक्कं करून घ्या. रेकॉर्डिंग कुठल्या देशातल्या सर्व्हरवर राहील हे संमतीपत्रात येऊ द्या.

गाव आपलं असणं ही सोय आहे आणि अडचणही. ‘पाटलांची लेक आलीय’ म्हणून बायका नाही म्हणणार नाहीत आणि मनातलं बोलणारही नाहीत. मुलाखती शेजारच्या तालुक्यात घ्या, किंवा तुमच्या ओळखीची नसलेली एखादी प्रशिक्षित ताई नेमा. आणि अभ्यास संपल्यावर काय सापडलं ते त्या बायकांना मराठीत, त्यांच्यात बसून सांगायला परत या. तिकिटाचा तो खर्च बजेटमध्ये आत्ताच धरा.